एकच काम, तीन वेगळ्या प्रकारच्या लोकांना सांगताना

आमचं काम काय ते आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. पंप, मोटर, ब्लोअर अशा फिरणाऱ्या मशीनवर सेन्सर लावायचे, व्हायब्रेशन (थरथर) मोजायचं आणि बेअरिंग, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारा भाग, जायला लागलंय का ते मशीन बंद पडायच्या आधी ओळखायचं. डेटा गोळा करणं, ग्राफ काढणं, त्यात डोकं घालून बसणं हे मला मनापासून आवडतं. पायलट प्रोजेक्ट संपला आणि वरून निरोप आला की आता याचं प्रेझेंटेशन कर, मेंटेनन्सच्या लोकांना एकदा, मॅनेजमेंटला एकदा, आणि झालंच तर एका टेक्निकल कॉन्फरन्सला पण पाठवू. माझ्या डोक्यात साधा हिशोब होता, एक दणकट पीपीटी करायची, सगळं त्यात टाकायचं आणि ज्याला जेवढी हवी तेवढी कापून द्यायची. बहुतेक जण असंच करतात, त्यामुळे यात काही वावगं आहे असं वाटायचं कारणच नव्हतं.

टीममधल्या एका सिनियर सरांना तो ड्राफ्ट दाखवला. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंच नाही, विचारलं, हे ऐकून झाल्यावर त्या लोकांनी काय करायला हवंय तुला? मी म्हटलं, सर, त्यांना प्रोजेक्ट नीट समजायला हवा. तर ते म्हणाले, बरं, समजला, मग पुढे? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं की तिन्ही ग्रुपसाठी एकेक वाक्य लिहून आण, स्लाइड नंतर बघू. ती तीन वाक्यं लिहायला मला स्लाइड करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, खरंच. शेवटी असं ठरलं: मेंटेनन्सच्या फिटर लोकांनी अलर्ट आला की त्याच शिफ्टमधे मशीन बघून काय दिसलं ते लिहावं, मॅनेजमेंटने पुढच्या टप्प्याला हो किंवा नाही म्हणावं (नंतर बघू म्हणू नये), आणि कॉन्फरन्समधल्या लोकांनी आमच्या पद्धतीत कुठे भोक आहे ते दाखवावं. तीन वाक्यं एकाखाली एक लिहिल्यावर दिसलंच की एका फाइलची कापाकापी करून हे जमणार नाहीये.

सगळ्यात आधी मॅनेजमेंटचं घेतलं कारण तारीख तीच जवळ होती. मी माझ्या पद्धतीने गोष्ट लावली होती, आधी समस्या, मग सेन्सर कसा निवडला, मग डेटा, मग अनालिसिस आणि शेवटी आम्हाला काय पाहिजे. सरांनी ती उलटी करायला लावली. मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीमधे काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी पिरॅमिडची पद्धत मांडली आहे, कन्सल्टिंगवाल्यांमधे ती फेमस आहे, त्यात उत्तर सगळ्यात वर आणि त्याची कारणं खाली खाली येतात. म्हणजे पहिल्याच स्लाइडवर, आम्हाला अमुक मशीनवर सेन्सर लावायची मंजुरी हवी आहे, कारण हे, हे आणि हे. मला हे फार उद्धट वाटलं होतं. आधी पार्श्वभूमी न सांगता एकदम मागायचं म्हणजे काय! पण आत बसलेल्या माणसाच्या बाजूने विचार केला तर पटतं, तो एका मीटिंगमधून उठून आलेला असतो, पुढची वाट बघत असते, आणि ही बाई नक्की कशासाठी आलीये हे कळेपर्यंत त्याचं अर्धं लक्ष फोनवर. मागणी आधी कळली की पुढचा प्रत्येक आकडा तो त्या मागणीशी ताडून बघतो.

दुसरा बदल हेडिंगचा. माझ्या स्लाइडची हेडिंगं ‘व्हायब्रेशन ट्रेंड’, ‘निष्कर्ष’, ‘आव्हाने’ अशी होती, म्हणजे कपाटाच्या खणांना लावतो तशी लेबलं. अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीतले मायकल अ‍ॅली हे बरीच वर्षं इंजिनियर लोकांना सांगत आलेत की हेडिंगच्या जागी पूर्ण वाक्य लिहा, जो तुमचा दावा आहे तो, आणि खाली बुलेट ऐवजी त्याचा पुरावा दाखवा, चित्र, ग्राफ, फोटो, जे असेल ते. मग ‘व्हायब्रेशन ट्रेंड’ चं झालं ‘तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग पुढच्या शटडाऊनपर्यंत टिकेल असं दिसत नाही’. हे लिहिताना घाम फुटतो कारण लेबल कधी चुकत नाही, वाक्य चुकू शकतं. एक-दोन स्लाइडवर तर मला दावाच सापडेना, नुसता ग्राफ छान दिसत होता म्हणून ठेवलेला, त्या उडवल्या.

हेडिंग किती महाग पडू शकतं याचं एक उदाहरण मी तेव्हा वाचलं ते डोक्यातून जात नाही. कोलंबिया अवकाशयान, कल्पना चावला ज्यात होत्या ते, १ फेब्रुवारी २००३ ला परतताना तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधन टाकीवरच्या फोमचा तुकडा पंखाला लागला होता, आणि यान वर असतानाच इंजिनियर लोकांनी त्या धडकेचा अंदाज स्लाइडवर मांडला होता. आकडे आणि माहिती चित्रांतून कशी मांडावी याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्यातल्या एका स्लाइडची चिरफाड केली आणि अपघाताच्या चौकशी अहवालानेही ती उचलून धरली. मोठ्या अक्षरातलं हेडिंग दिलासा देणारं, आणि अगदी तळाशी, बुलेटच्या आत बुलेट करत करत बारीक झालेल्या अक्षरात ही गोष्ट, की ज्या टेस्टच्या जोरावर हे बोलतोय त्यातला तुकडा ३ घन इंचाचा होता आणि यानाला लागलेल्याचा अंदाज १९२० घन इंच. ६४० पट! स्लाइड बदलली असती तर यान वाचलं असतं असं कोणी म्हणू शकत नाही, पण त्या खोलीतल्या लोकांना तो आकडा दिसायला तरी हवा होता. आमच्या कामात कोणाचा जीव जात नाही (सहसा), तरी त्यानंतर मी ‘आम्हाला काय माहीत नाही’ हे तळाला टाकायचं बंद केलं.

आणि प्रत्यक्षात मॅनेजमेंटने नेमकं तिथेच बोट ठेवलं. फायनान्सच्या सरांनी विचारलं, तुमच्या सिस्टीमने खराब म्हटलं आणि उघडल्यावर बेअरिंग चांगलं निघालं असं किती वेळा झालं? हा प्रश्न येणार म्हणून मी खोट्या अलर्टची वेगळी स्लाइड आधीच केली होती, तीही मागे बॅकअपमधे न ठेवता मधेच, मागणीच्या लगेच खाली. त्यांनी ती बघितली, आकडे वहीत उतरवून घेतले आणि पुढचा प्रश्न सरळ पर्यायांवर गेला, सगळीकडे लावायच्या ऐवजी फक्त ज्या मशीनला स्पेअर पंप नाही तिथेच लावले तर? म्हणजे खरंतर त्यांनी माझ्यापेक्षा चांगला प्लॅन सुचवला. स्पेक्ट्रमचा (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती थरथर आहे ते दाखवणारा) माझा लाडका ग्राफ त्या खोलीत एकदाही दाखवला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

फिटर लोकांचं सगळ्यात अवघड गेलं आणि सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळालं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. त्यांना हॉलमधे बसवून प्रोजेक्टरवर दाखवायचं असं आधी ठरत होतं. शिफ्ट बदलायच्या वेळेची पंधरा-वीस मिनिटं मिळणार, निम्मे जण दमलेले, निम्म्यांना कामावर चढायची घाई. सरांनी सुचवलं की आधी जाऊन त्यांच्यात उभी राहा, काही सांगू नको, फक्त बघ ते बेअरिंग कसं तपासतात. गेले. एक जुने फिटर आहेत, ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर (बाहेरच्या कवचावर) टेकवतात आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून ऐकतात. जगभरात मेकॅनिक लोक असं करतात हे मला वाचून माहीत होतं पण स्वतः कधी केलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातात दिला, म्हणाले, ऐका मॅडम, इथे खरखर येते का? आली! मग शेजारच्या पंपाला लावून दाखवलं, तिथे एकसारखी घूं.

बाकी मला काही शोधायची गरजच उरली नाही. सेन्सर तेच करतो जे तो स्क्रूड्रायव्हर करतो, फक्त चोवीस तास. मी रेकॉर्ड केलेला डेटा ऐकू येईल अशा ऑडिओ फाइलमधे बदलून घेतला, चांगलं बेअरिंग, सुरुवातीचं खराब आणि पार गेलेलं असे तीन आवाज, एक छोटा स्पीकर घेतला आणि स्लाइड शून्य. मशीनशेजारी उभं राहूनच बोलायचं असंही डोक्यात होतं पण तिथे आवाजाने कोणाला काही ऐकू आलं नसतं, म्हणून वर्कशॉपच्या टेबलाभोवती. आवाज लावला आणि विचारलं, यातलं कुठलं बेअरिंग तुम्ही बदलाल? लगेच वाद सुरू झाला, एक म्हणतो दुसरं पण बदला, दुसरा म्हणतो त्याला नुसतं ग्रीस मारून बघा आधी. पाच मिनिटं मी गप्प होते आणि ते माझाच विषय एकमेकांना समजावत होते.

मग खरे प्रश्न आले. सेन्सर मॅग्नेटने चिकटवलाय का स्टड मारून (आट्यांच्या बोल्टने) बसवलाय? हा प्रश्न एका आयटीआय झालेल्या मुलाने विचारला आणि तो एकदम मुद्द्याचा आहे, कारण मॅग्नेटवर बसवलेला सेन्सर वरच्या फ्रिक्वेन्सीला तितका विश्वासाचा राहत नाही आणि बेअरिंगच्या सुरुवातीच्या खुणा बऱ्याचदा तिथेच असतात. आणि एक प्रश्न जो कोणी मोठ्याने विचारला नाही, पण बाहेर पडताना एकाने हळूच विचारला, मॅडम, हे आमच्यावर लक्ष ठेवायला आहे का? अलर्ट आला आणि आम्ही गेलो नाही हे वर दिसणार ना? हे माझ्या कुठल्याच तयारीत नव्हतं. उत्तर खरं तर ‘हो, दिसणार’ असंच होतं आणि मी तेच सांगितलं, त्यासोबत हेही सांगितलं की तुम्ही जाऊन बघितलं आणि बेअरिंग चांगलं निघालं तर तेही तितकंच दिसणार, सिस्टीम चुकली म्हणून. पुढच्या बॅचला मी हा मुद्दा स्वतःहून सुरुवातीलाच काढला. लोकांच्या मनात एक प्रश्न अडकलेला असताना तुम्ही कितीही चांगलं बोला, कानापर्यंतच जातं.

जाताना त्यांना एक पान दिलं, लॅमिनेट केलेलं, पॅनलवर चिकटवायला. पहिल्या प्रिंटमधे चांगलं हिरवं आणि वाईट लाल एवढंच होतं. एकाने सांगितलं की त्याला दोन्ही सारखेच दिसतात. लाल-हिरव्यातला फरक कमी कळणं पुरुषांमधे बऱ्यापैकी कॉमन आहे, काही देशांत शंभरातल्या आठ पुरुषांपर्यंत, त्यामुळे आता रंगासोबत अक्षरही असतं. व्हायब्रेशनच्या आयएसओ १०८१६ स्टँडर्डमधे ए, बी, सी, डी असे झोन (ए सगळ्यात चांगला, डी सगळ्यात वाईट) आधीपासून आहेतच, तेच वापरले. ‘डी मधे गेलाय’ असं आता शिफ्टमधे बोललं जातं, हे ऐकून बरं वाटतं.

कॉन्फरन्सचं तंत्र एकदम वेगळं. तिथे पंधरा मिनिटं बोलायचं आणि पाच मिनिटं प्रश्न, घंटा वाजली की वाजली. मला वाटलं इथे तरी स्पेक्ट्रम, सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती वेळा मोजलं), एन्व्हेलप अनालिसिस (बेअरिंगचे बारीक ठोके सिग्नलमधून वेगळे काढायची पद्धत) सगळं बिनधास्त टाकता येईल. टाकलंही, कारण तिथे ते हवंच, सॅम्पलिंग रेट सांगितला नाही तर पहिला प्रश्न तोच येतो, ज्या फ्रिक्वेन्सीबद्दल बोलताय तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने मोजलंय का. पण हॉलमधले सगळे बेअरिंगवाले नसतात, कोणी गिअरबॉक्सचा, कोणी नुसता सॉफ्टवेअरचा, कोणी पुढच्या टॉकसाठी जागा धरून बसलेला. यावर १९९० सालचा स्टॅनफर्डमधला एलिझाबेथ न्यूटन यांचा एक प्रयोग आहे. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी गाणी तरी ओळखली जातील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक. माझा स्पेक्ट्रम मला गाण्यासारखा ऐकू येतो, तर बाकीच्यांना काय जात असेल ते यावरून कळलं. म्हणून ग्राफ लावल्यावर आधी अक्ष सांगायचे, इकडे फ्रिक्वेन्सी, वर थरथर किती, मग एकच शिखर दाखवायचं, बाकीचे राखाडी करून टाकायचे, आणि त्यानंतर निष्कर्ष. त्यात वेळ जातो म्हणून पाच ग्राफचे दोन झाले, उरलेले ‘धन्यवाद’ च्या मागे बॅकअपमधे. प्रश्नोत्तरात त्यातला एक कामाला आला.

बोलण्याची प्रॅक्टिस हा वेगळाच विषय. फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून ऐकणं ही शिक्षा आहे, पण दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. माझं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ किती येतं हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. भाषणाचा सराव करायच्या एका टोस्टमास्टर्स क्लबमधेही जायला लागले. ही संस्था १९२४ साली अमेरिकेत सुरू झाली, आणि यांची मीटिंग म्हणजे भूमिका वाटून घेतलेल्या असतात, एक जण फक्त वेळ बघतो आणि हिरवा, पिवळा, लाल सिग्नल दाखवतो, एक जण तुमचे अ‍ॅ, अं, म्हणजे मोजतो, आणि एक जण भाषण संपल्यावर उभं राहून तुमचं मूल्यमापन करतो, तुमच्या तोंडावर. सुरुवातीला फार कृत्रिम वाटतं. पण वेळेचं भान तिथेच आलं, आणि गप्प राहून एक श्वास घेणं हे ‘अं’ पेक्षा चांगलं दिसतं हेही. त्यांची मर्यादा पण सांगते, तिथले श्रोते प्रेमळ असतात, टाळ्या वाजवतात, तुमच्या आकड्यांवर कोणी प्रश्न विचारत नाही. स्टेजची भीती तिथे जाते, कंटेंट तिथे सुधारत नाही.

मधे ऑफिसने एक ट्रेनिंग पण लावलं, त्यात ट्रेनरने ते प्रसिद्ध गणित सांगितलं, बोलण्यात शब्दांचं महत्त्व ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि देहबोलीचं ५५. हे सगळीकडे फिरतं आणि मला याचा राग येतो. आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग भावना ओळखण्याबद्दल होते, शब्द एक सांगतोय आणि सूर-चेहरा दुसरं, तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, आणि आपलं गणित इतर ठिकाणी लागू होत नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. शब्द सातच टक्के असते तर मी चिनी भाषेत प्रेझेंटेशन दिलं असतं तरी चाललं असतं! टेन्शनबद्दलची एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांचा २०१४ चा अभ्यास आहे, त्यात ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी एक्सायटेड आहे’ म्हणणाऱ्यांचं भाषण चांगलं झालं. धडधड तर होतेच, तिला खाली दाबत बसण्यापेक्षा दुसरं नाव दिलेलं बरं. माझी धडधड यामुळे कमी होत नाही, पण तिच्याशी भांडण्यात जाणारा वेळ वाचतो.

स्लाइड किती असाव्यात यावर लोक भांडतात. गाय कावासाकी यांचा १०-२०-३० नियम बऱ्याच जणांना माहीत असेल, १० स्लाइड, २० मिनिटं आणि ३० पॉइंटपेक्षा लहान फॉन्ट नाही. तो मुळात गुंतवणूकदारांकडे पैसे मागायला जाणाऱ्यांसाठी आहे. त्यातला फॉन्टचा भाग मी सगळीकडे पाळते, दहाचा आकडा नाही पाळत, एका ओळीच्या वीस स्लाइड दहा मिनिटांत आरामात होतात आणि एक खचाखच भरलेली स्लाइड तेवढाच वेळ खाते.

बारीकसारीक गोष्टी ज्या कोणी सांगत नाही: पॉवरपॉइंट चालू असताना बी दाबलं की स्क्रीन काळी होते, आणि लोक परत तुमच्याकडे बघायला लागतात, चर्चा सुरू झाली की मी हेच करते. स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारलं की थेट तिथे जाता येतं, म्हणून बॅकअप स्लाइडचे नंबर कागदावर लिहून ठेवायचे. मराठी मजकूर असेल तर युनिकोडमधेच, जुन्या फॉन्टमधलं दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की अगम्य चिन्हं दिसतात. आणि एक पीडीएफ पेनड्राइव्हवर, कायम. ऑनलाइन असेल तर वेगळंच दुखणं, समोर चेहरे नाहीत, तुम्ही भिंतीशी बोलताय, आणि निम्मे लोक तुमची स्लाइड मोबाइलवर बघतायत. तिथे ‘काही प्रश्न?’ विचारून कधीच कोणी बोलत नाही. त्यापेक्षा चॅटमधे एक आकडा टाकायला सांगा, तुमच्याकडे महिन्यात किती ब्रेकडाऊन होतात असा वगैरे, दहा सेकंदात उत्तरं येतात आणि मग त्यावर बोलता येतं.

सध्या मी प्रत्येक ठिकाणी आलेले प्रश्न एका वहीत लिहिते, कोणी विचारला ते नाही, कुठल्या प्रकारच्या माणसाने विचारला ते. पुढच्या वेळी तशाच लोकांसमोर जायचं असेल तर आधी ती पानं वाचते, जुन्या स्लाइड नंतर उघडते. आता नवीन ट्रेनी बॅचसाठी बोलायचंय. त्यातल्या दोघांना आधीच फोन करून विचारलं की बेअरिंगबद्दल काय माहितीये, तर प्रकार, फॉर्म्युले सगळे पाठ, पण आतून कापलेलं बेअरिंग प्रत्यक्ष कधीच बघितलेलं नाही. त्यामुळे स्टोअरला मेल टाकलाय, स्क्रॅपमधली चार-पाच बाजूला ठेवा म्हणून. आऊटर रेसवर (बाहेरच्या कड्यावर) खड्डे पडलेलं एक तरी हवंय.